पिवळी बाटली

लाल दिवा होता. पेइयुन दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभी होती, तेवढ्यात मागच्या स्कूटरचं चाक तिच्या चाकाला लागलं. धक्का म्हणावा असं काही नव्हतंच. शेजारणीनं बोलता बोलता कोपर लावावं, तेवढं. मागच्या माणसानं हेल्मेटसकट मान लववली, तिनंही लववली, आणि संपलं. पण संपलं नाही. कमरेतून निघालेली एक बारीक शिरशिरी मणक्यांच्या शिडीवरून वर चढत मानेपाशी आली आणि तिथं अंग चोरून बसली. शेजारच्या स्कूटरवर आईच्या गुडघ्यांमध्ये, पाय ठेवायच्या फळीवर एक मुलगी उभी होती. हनुवटी हँडलवर, हातात वाफेवरचा पाव, डोळ्यांत अजून अर्धी झोप. ताइनान शहरात लेकरं अशीच मोठी होतात, हँडलच्या मागे उभी राहून वारा खात. पेइयुनही तशीच मोठी झाली होती, बापाच्या गुडघ्यांमध्ये, मिठाचा वास असलेल्या त्याच्या पॅंटच्या दोन भिंतींमध्ये. त्या मुलीकडे बघताना तिची नजर आपोआप खाली उतरली आणि हँडलचं टोक मुलीच्या बरगड्यांखाली नेमकं कुठं येतं ते मोजून परत आली. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं तिला मुलं अखंड दिसतच नसत. कातडीच्या आत काय काय आहे तेच आधी दिसे. दिवा हिरवा झाला, मुलगी वाऱ्यावर निघून गेली. मानेपाशी बसलेलं ते मात्र पेइयुनबरोबर इस्पितळापर्यंत आलं. धक्का आणि त्याचं दुखणं यांच्यामध्ये एक मोकळं अंगण असतं, ती स्वतःशी म्हणाली, आणि मुलं त्या अंगणात खेळत राहतात.

दोदोला आणलं तेव्हा तो त्या अंगणातच होता. पाच वर्षांचा, अंगानं किडकिडीत, शेंगेतल्या दाण्यासारखा. म्हणून घरचं नाव दोदो, म्हणजे दाणा. आजीच्या, आमाच्या, स्कूटरवर पुढं उभा होता. सकाळच्या बाजारात कोळणींनी रस्त्यावर पाणी ओतलेलं, चाक घसरलं, हँडल पोटात बसलं, कपाळ डांबराला लागलं. आपला आपण उठला, आमा पुन्हा पुन्हा सांगत होती, आपला आपण उठला न् माझ्या चपला उचलून दिल्या त्यानं. दुपार व्हायला आली तसा तो पांढरा पडू लागला, म्हणून टॅक्सी करून आणला. पेइयुननं त्याचा तळहात आपल्या हातात घेतला. बाजारातल्या माशासारखा गार. नाडी मात्र धावत सुटलेली, आणि रक्तदाबाचा आकडा अगदी शहाण्यासारखा जागच्या जागी. तिच्या हाताखालचा डॉक्टर, वेन नावाचा पोरसवदा उंच मुलगा, त्या आकड्याकडे बघून सुस्कारा टाकणार होता. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं तसा तो सुस्कारा त्यानं गिळला. मूल शेवटपर्यंत तक्रार करत नाही. रक्त कमी पडलं की आधी हातापायांचे दिवे मालवतं, मग आतड्यांचे, मग मूत्रपिंडांचे, आणि मधल्या घरातला एकच दिवा तेवत ठेवून पाहुण्यांना दारातून सांगतं की आमच्याकडे सगळं ठीक आहे. मग एकाएकी तोही जातो. सोनोग्राफीच्या पडद्यावर प्लीहेच्या भोवती काळं पाणी दिसलं, ते पाणी म्हणजे रक्त. डोक्याच्या फोटोत कपाळामागे नखाएवढा डाग. शस्त्रक्रियेवाल्यांचं म्हणणं पडलं की फाट लहान आहे, रक्त आपोआप धरेल, उगाच पोट उघडायला नको. पण तुम्ही त्याला सांभाळा. सांभाळा, म्हणजे पाणी सांभाळा. एवढ्याशा देहात किती ओतायचं आणि कधी हात आखडायचा, एवढंच काय ते काम. कमी ओतलं तर पोटातून वाहून गेलेलं भरून निघत नाही आणि हृदय रिकामं पिळत बसतं. जास्त ओतलं तर धरू पाहणारी गुठळी सुटते, फुफ्फुसं भिजतात, आणि कवटीच्या बंद डब्यात मेंदू फुगू लागतो. त्याला फुगायला जागा नसते.

लोक समजतात पाणी देणं सोपं. देवळाच्या दारात चहाची किटली ठेवलेली असते, येणाऱ्याजाणाऱ्यानं ओतून घ्यावा. ज्यानं ठेवली त्याला पुण्य. पेइयुनच्या वाट्याला उलटं काम आलं होतं, किटलीवर हात ठेवून उभं राहायचं. तिनं पहिलं खारं पाणी पंपावर लावलंच नाही. मोठ्या पिचकारीत भरून स्वतःच्या हातानं ढकललं, सावकाश, अंगठ्याला शिरेचा प्रतिसाद कळेल असं. ढकलताना तिचे डोळे मुलाच्या ओठांवर होते आणि मन मात्र नको तिथं गेलं होतं, समुद्राकाठच्या मिठागरावर, फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या एकेक करून बसवलेल्या वाफ्यांवर. बाप एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी फिरवायचा. ऊन त्यातलं गोडं पाणी पिऊन टाकायचं आणि खारं उरायचं, दाट, जिभेला डसणारं. बाप बोट बुडवून चाटायचा आणि सांगायचा, उद्या मीठ बसेल, परवा बसेल. त्याची जीभ कधी चुकली नाही. चुकायचं ते आभाळ. भर दुपारी कुठून तरी ढग यायचा. तो आला की अख्खी वस्ती धावत सुटायची, बायका, म्हातारे, सगळे, दाट झालेलं पाणी झाकणाच्या रांजणांत लोटायला. पोहोचलं नाही तर कित्येक दिवसांचं ऊन एका सरीत पातळ. वाफा तसाच भरलेला दिसायचा, उलट जास्तच भरलेला, काठोकाठ, चकचकीत. नवख्याला वाटावं, वा, किती आहे. बाप काठावर उकिडवा बसायचा आणि त्या भरलेल्या वाफ्याकडे बघून म्हणायचा, रिकामा आहे गं. पिचकारी संपली. मुलाच्या ओठांना रंग आला नाही. रक्त आलं का, तिनं विचारलं. आलं होतं, थंडगार पिशवी, आणि तिचा गारवा घालवायला नर्स इन्हुआ ती आपल्या दोन तळव्यांत अंड्यासारखी धरून उभी होती.

इन्हुआ मुलांच्या या अतिदक्षता विभागात पेइयुनच्याही आधीपासून होती, डॉक्टरांना नावानं हाक मारायची आणि मनात आलं ते बोलायची. रक्त सुरू झाल्यावर ती बाहेर जाऊन आली आणि हसू दाबत सांगू लागली की आमाबाई दारात उभ्या आहेत आणि सगळ्यांना जाब विचारतायत. ते पांढरं पाणी काय कामाचं, म्हणतात. एवढं मोठं इस्पितळ, पिवळं नाही होय तुमच्याकडे? नातवाला पिवळं लावा, पैसे मी देते. वेन हसला. इन्हुआ म्हणाली की तिच्या स्वतःच्या सासूचंही हेच, दर महिन्याला बाटली चढवल्याशिवाय गुडघे चालत नाहीत. एकदा बिनरंगाची लावली तर डॉक्टरनं फसवलं म्हणून गल्लीभर सांगत फिरली. पेइयुनलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो आंबट झालं. बाहेर जाऊन तिनं आमाला समजावलं. म्हातारी ठेंगणी होती, उन्हानं भाजलेली, फुलाफुलांची विजार, गुडघ्याला खरचटलेलं आणि तिथं कुणी औषध लावू पाहिलं तर लावू न देणारी. पेइयुननं सांगितलं की त्याच्या पोटातून रक्त गेलंय, त्याला रक्तच द्यावं लागतं, पाणी मोजून. त्याला कसली औषधं चालू होती का, काही ॲलर्जी, सकाळपासून कसलं औषध दिलंत का. नाही, नाही, औषध नाही, आमा म्हणाली. बाप मासेमारीच्या बोटीवर लांबच्या समुद्रात, आई उत्तरेला कारखान्यात, पोराचं सगळं मीच बघते, शिंक आली तरी मला कळतं. औषध काही नाही. तिच्या बोटांत मुलाच्या निळ्या प्लास्टिकच्या सपाता अडकवलेल्या होत्या, अंगठ्या घालाव्यात तशा.

मग ती विचित्र दुपार सुरू झाली. रक्तानं आपलं काम केलं. तळहात ऊबदार झाले, नाडीची धाव मंदावली, पोटावर शाईनं मारलेली रेघ आणि तिच्याशी जुळवलेली मोजपट्टी जागची हलली नाही. देह परत येत होता, आणि मूल दूर जात होतं. मघाशी हाक मारली तर कुरकुरत होतं, आता नुसती पापणी हलली. हे गणित पेइयुनला सुटेना. घर उजळलंय आणि घरातला माणूस मात्र आतल्या आत कुठं तरी उतरत चाललाय. डोक्यातला डाग वाढला? पुन्हा फोटो काढायला न्यावं तर वाटेत पोट दगा देईल. ती मुलाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकून बघत होती, दोन्ही सारख्या, दोन्ही सावकाश. तेवढ्यात वेन रक्ताच्या तपासणीचा आकडा घेऊन आला आणि नुसताच उभा राहिला. काय, तिनं विचारलं. मीठ नाहीये ताई, तो म्हणाला, म्हणजे आहे, पण फारच खाली. एकशे सव्वीस. तपासणीत चूक झाली असेल, त्यानंच पुढं जोडलं, सलाईनच्याच हातातून रक्त घेतलं असेल खालच्या लोकांनी. दुसऱ्या हातातून घे, ती म्हणाली. घेतलं. तोच आकडा. रक्त वाहून गेलं तर रक्त कमी होतं, मीठ पातळ होत नाही. समुद्रातून बादलीभर काढलं म्हणून समुद्र गोडा होत नाही. त्यांनी दिलं होतं ते खारं पाणी. मग हे पातळ कुणी केलं? तिचं बोलणं मनातल्या मनात इथवर आलं आणि मुलाच्या ओठाचा डावा कोपरा उडू लागला, गळाला लागलेल्या माशासारखा, एकदा, दोनदा, मग थांबेचना. इन्हुआ आधी हलली. आकडी थांबवायचं औषध, आणि पाठोपाठ पेइयुननं दाट मिठाचं पाणी मागितलं, ते लहान पिशवीतलं, ज्याला विभागात सगळे जरा घाबरून असतात. तिनं तेही हातानंच दिलं. मोजून, थोडं. ओठ थांबला. खोलीतलं सगळं थांबलं. फक्त पडद्यावरची हिरवी रेघ आपलं शिवणकाम करत राहिली.

आता पुढं काय, हे वेननं तोंडानं विचारलं नाही, पण त्याची मान तसं विचारत होती. सगळं तिथंच अडलं होतं. हे मीठ आज पातळ झालं असेल, काही तासांत, तर मेंदू आत्ता पाणी पिऊन फुगतोय. त्याला घाईनं वर काढायला हवं, नाही तर कवटीच्या तळाशी असलेल्या वाटेत तो अडकेल आणि श्वास थांबेल. पण आठवड्यांपासून असं पातळ असेल, मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथींचा काही आजार असेल, तर मेंदूनं त्या पातळपणाशी कधीच जमवून घेतलंय. घाईनं मीठ चढवलं तर तोच आतून होरपळतो, आणि मूल जगतं पण डोळे तेवढे हलवत राहतं. एकच पिशवी, एकच शीर. एका उत्तरानं तारेल, दुसऱ्यानं मारेल. शिवाय दाट मीठ रक्तात पाणी ओढून आणतं, दाब वाढवतं. पोटातली ती कालपरवाचीही नसलेली, अगदी सकाळची कोवळी गुठळी दाबाला किती टिकणार? पेइयुन पलंगाच्या कठड्याला दोन्ही हात धरून उभी राहिली. घाम कानामागून उतरत होता. तिला एकाएकी तोंडात गोड चव लागली, का ते कळेना. सकाळी तिनं काहीच गोड खाल्लं नव्हतं. या गावात सगळंच गोड, माशाच्या रश्शातही साखर, पण ही चव तसली नव्हती. ही जिभेवर नव्हतीच, घशामागे होती, नाकाच्या मुळाशी, औषधी, पिवळी. ती कॉलेजच्या मोठ्या परीक्षेआधीची चव होती. आईनं तिला वस्तीतल्या दवाखान्यात नेऊन बाकावर आडवं केलं होतं. तिला काही झालेलं नव्हतं. आई डॉक्टरला म्हणाली होती, पोर अभ्यास करून सुकलीय, हिला एक मोठी लावा, पिवळी. शेजारच्या बाकांवर मिठागरातले काका लोक पडलेले, हाताला सुया, एकमेकांच्या बाटल्या बघत, माझी तुझ्यापेक्षा भरभर चाललीय म्हणून पैजा लावत. कुणी त्याला उपचार म्हणत नसे. कोंबडीचा रस प्यावा, सणाला नवा सदरा घालावा, तसं ते होतं. शिरेतून साखरेचं पाणी आत जाऊ लागलं की थोड्या वेळानं घशामागे ती जीवनसत्त्वाची चव यायची आणि काकांपैकी कुणी तरी म्हणायचं, आली बघ ताकद. साखर अंगात जळून जायची. मागं उरायचं ते नुसतं पाणी. मोठ्या माणसाचं शरीर ते रात्रीतून मुतून टाकायचं.

साखर जळून जाते आणि मागं नुसतं पाणी उरतं. पेइयुननं कठडा सोडला. ती बाहेर गेली तेव्हा धावली नाही, पण वेननं नंतर इन्हुआला सांगितलं की ताईंच्या सपातांचा आवाज आला नाही, म्हणजे त्या चालत नव्हत्याच, तरंगत होत्या.

आमा बाकावर बसली नव्हती. भिंतीला पाठ लावून उभीच होती, बसलं तर पोराला कमीपणा येईल अशी. पेइयुननं तिच्यासमोर जाऊन आवाज खाली आणला. या वेळी तिनं औषधाचं नाव काढलं नाही.

"आमा, पडल्यावर त्याला ताकदीचं काही दिलंत?"

म्हातारीचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "दिलं तर! पोराला तसंच ठेवीन होय मी?" आणि मग ती भरभरून सांगू लागली. पडल्यावर जरा वेळानं त्याला उलटी झाली. पडल्याचं घराजवळच्या दवाखान्यात काही बोलली नाही ती, लोक म्हणतील म्हातारीला स्कूटर चालवता येत नाही. उलटी झाली एवढंच सांगितलं. तिथं त्यांनी बाटली लावली. मोठी, मीच सांगितलं मोठी लावा, पिवळी. पोर चुळबुळ करायला लागलं, घरी चल, घरी चल. थेंब थेंब थेंब, केव्हा संपायची ती? नर्स आत गेली तसं नळीवरचं चाक सैल केलं मी, नेहमीच करते, माझ्या बाटलीचंही करते. थेंब ठेवला नाही. वर कोहळ्याचं थंडगार सरबत पाजलं दोन पेले. "गाल असे लाल झाले होते त्याचे, डॉक्टरीणबाई. तुम्ही बघायला हवं होतं."

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही औषध विचारलंत." आमा गोंधळली. "बाटली म्हणजे काय औषध आहे?"

 म्हातारीनं पेइयुनच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते वाचलं असावं, कारण बोटांत अडकवलेल्या सपाता हळूहळू खाली आल्या आणि तिनं त्या पाठीमागे धरल्या. पेइयुनला तिथं थांबायला वेळ नव्हता, आणि वेळ नाही याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज. आत येऊन ती वेनला एवढंच म्हणाली, "आजचं आहे." त्याच्या खांद्यांतून काही तरी सुटलं. पुन्हा दाट मीठ, पुन्हा हातानं, पुन्हा तो अंगठा आणि ती शीर. बाकीचं सगळं पाणी तिनं जवळजवळ बंद केलं, पंपाचा आकडा इतका खाली आणला की यंत्रानं चूक झाली का म्हणून शीळ घातली आणि इन्हुआनं त्याला गप्प केलं. मग वाट बघणं. इकडे मीठ मेंदूतलं पाणी ओढतंय, तिकडे तेच पाणी रक्तात येऊन गुठळीवर धडका देणार. ती दोन दारांच्या मध्ये उभी होती आणि दोन्ही दारांना बाहेरून कोणी तरी ढकलत होतं. पोटाची पट्टी घे. घेतली. जरा सरकलीय का? नाही, तुझा हात हलतोय पेइयुन, इन्हुआ म्हणाली, पोर नाही हललं. शस्त्रक्रियेवाला दारातून डोकावून गेला आणि दोन बोटं वर करून त्यानं विचारलं, उघडू? तिनं नाही म्हणून मान हलवली. चूक असेल तर ही मान हलवणं तिला जन्मभर पुरणार होतं. रक्तदाब वर चढत होता. चांगलं. फार चढत होता का? तिनं औषधाचा थेंब धरला, सोडला. बाप काठावर उकिडवा बसून आभाळाकडे बघायचा तेव्हा त्याला काय वाटत असेल हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिला वाटायचं तो ढगाची वाट बघतोय. तो ढगाची नव्हे, वाफ्याची वाट बघत असणार. वाफा काय ठेवतो आणि काय सोडतो. पलंगाच्या कडेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीत दुपारभर चहासारखं गडद चार चमचे जमलं होतं. धक्का बसलेलं शरीर पाण्याचा थेंब सोडत नाही, कंजूष वाण्यासारखं मुठीत धरून बसतं, त्याला काय माहीत की ते नको असलेलंच धरून बसलंय. मग कधी तरी नळीत एक फिकट रेघ उतरली. पाठोपाठ दुसरी. मग धार. इन्हुआ वाकून बघत राहिली आणि म्हणाली, मुततोय गं राजा, मुत, मुत, सगळी बाटली मुत. वेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, चष्मा पुसायला.

रात्र कशी गेली ते पेइयुनला नीट आठवत नव्हतं. आकडे आठवत होते, चेहरे नव्हते. मीठ पायरी पायरीनं वर आलं, एकही पायरी तिनं त्याला गाळू दिली नाही. पहाटेनंतर हाक मारल्यावर दोदोनं तोंड वाकडं केलं, आणि ते वाकडं तोंड विभागात सगळ्यांना बोलावून दाखवण्यात आलं. उजाडल्यावर आमाला आत घेतलं. पांढरा झगा तिला पायघोळ होत होता. ती पलंगापासून हातभर लांब उभी राहिली आणि पेइयुनकडे न बघता म्हणाली, "सून दुपारच्या गाडीनं येईल."  मग, "बाटलीनं झालं ना?"

पेइयुननं रात्रीच कधी तरी उत्तर तयार करून ठेवलं होतं. डोक्याला मार लागला की असं होतं, आमा, पुष्कळांना होतं. ते खोटं नव्हतं. नीट घडी घालून ठेवलेलं, गुळगुळीत, कुणालाही न टोचणारं उत्तर. ते तिच्या ओठांपर्यंत आलं. म्हातारीचे हात झग्याच्या बाह्यांत शिरलेले होते, आणि त्या हातांनी उद्या, परवा, हे पोर घरी गेल्यावर, ताप आला की, उलटी झाली की, पुन्हा ते चाक सैल केलं असतं. मायेनं. पेइयुनच्या तोंडून निघालं, "हो. पडल्यानं रक्त गेलं, त्यात बाटलीनं पाणी फार झालं. डोक्याला सूज आली ती त्यानं." तिनं आणखी काही जोडलं नाही. जोडायला खूप काही होतं; की दवाखान्यानं विचारायला हवं होतं, की मीही तुम्हाला चुकीचा प्रश्न विचारला होता, की माझ्या आईनंही हेच केलं असतं.  आमानं मान डोलावली, दुकानदारानं भाव सांगितल्यावर डोलवावी तशी, एकदाच. रडली नाही. "सुनेला मीच सांगेन," ती म्हणाली. "तू मध्ये पडू नकोस, पोरी."

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. घोगरा, वाळलेला, रागावलेला. "आमा. तहान लागली."

खोलीतली सगळी यंत्रं चालूच होती, पण पेइयुनला ती बंद पडल्यासारखी वाटली. तहान लागणं म्हणजे मिठाला मिठाची जागा कळणं, मेंदूनं आतून दार उघडून बाहेरचं विचारणं. तिनं कित्येक पुस्तकांत जे वाचलं होतं ते आता एका चिडक्या पोराच्या तोंडून येत होतं, आणि त्याला लगेच हवं होतं. पोट अजून दुखावलेलं होतं, पण सकाळी शस्त्रक्रियेवाल्यानं हात फिरवून सांगितलं होतं की चमचा चमचा चालेल. इन्हुआनं कागदी पेल्यात पाणी आणि एक प्लास्टिकचा चमचा आणून आमापुढे धरला. आमानं हात पाठीमागे नेले.

"तुम्ही द्या," ती म्हणाली. "मला नाही कळत त्यातलं."

"आमा," दोदो म्हणाला, आता रडवेला. "तू दे ना."

पेइयुननं पेला घेतला आणि म्हातारीसमोर धरून ठेवला. काही बोलली नाही. बोलली असती तर ते पुन्हा डॉक्टरचं बोलणं झालं असतं. आमा पेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. शेवटी एक हात पाठीमागून पुढं आला. तिनं चमचा भरला, अगदी काठोकाठ, सवयीनं, आणि मुलाच्या ओठांकडे नेता नेता थांबली. चमच्याकडे बघत राहिली. मग तिनं तो हळूच तिरपा केला, निम्मं पाणी पेल्यात परत ओतलं, आणि उरलेलं दोदोच्या तोंडात सोडलं. एवढ्यानं काही होत नाही, पूर्ण चमचा द्या, हे पेइयुनच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती ते बोलली नाही. दोदोनं गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.